घरच्या घरी कृष्णधवल फिल्मवर डेव्हलपरचे प्रयोग: सुरुवात कशी करावी आणि तुलना कशी करावी

कृष्णधवल रोल घरी धुऊ लागलेल्या माणसाला काही रोल मनासारखे निघाले की हमखास एक प्रश्न पडतो: दुसरा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र प्रकट करणारे रसायन, वापरला तर चित्र आणखी चांगले येईल का? प्रश्न रास्त आहे. डेव्हलपर बदलला की कणांचा पोत, कडांची धार, सावलीतला तपशील आणि उजळ भागांतल्या छटा या साऱ्यांत फरक पडतो. मात्र हा फरक बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बारीक असतो, आणि वेळ, तापमान किंवा फिल्म धुण्याचा बंद डबा, म्हणजे टँक, हलवण्याची पद्धत यांत थोडी जरी ढिलाई झाली तरी तो तिच्याखाली पार झाकला जातो. अमुक डेव्हलपरने कॉन्ट्रास्ट फार येतो असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा त्यामागे पुष्कळदा दीड-दोन मिनिटे जास्त दिलेला वेळच असतो. म्हणून दोन निगेटिव्ह एकाच कॉन्ट्रास्टवर आणायच्या आणि मगच त्यांची तुलना करायची, ही शिस्त मी या सगळ्या प्रयोगांचा पाया मानतो.

डेव्हलपरमध्ये काय असते

जवळजवळ प्रत्येक डेव्हलपरमध्ये चार प्रकारची द्रव्ये असतात. पहिले म्हणजे प्रकाश पडलेल्या सिल्व्हर हॅलाइडच्या (फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी चांदीच्या क्षाराच्या) कणांचे धातुरूप चांदीत रूपांतर करणारे मुख्य द्रव्य: मेटॉल, हायड्रोक्विनोन, फेनिडोन, पॅरा-अमिनोफिनॉल, अॅस्कॉर्बिक आम्ल म्हणजेच क जीवनसत्त्व, किंवा पायरोगॅलॉल. दुसरे म्हणजे अल्कली, जिच्यामुळे हे द्रव्य कार्यक्षम होते. बोरॅक्स सौम्य, सोडियम कार्बोनेट त्याहून तीव्र आणि सोडियम हायड्रॉक्साइड सर्वांत तीव्र. तिसरे सोडियम सल्फाइट. ते डेव्हलपरला हवेतल्या ऑक्सिजनपासून वाचवते, पण लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास असेल तर सिल्व्हर हॅलाइडच्या कणांच्या कडाही थोड्या विरघळवते, त्यामुळे कण बारीक दिसतात आणि त्याच कारणाने धार किंचित मऊ होते. चौथे पोटॅशियम ब्रोमाइड, जे प्रकाश न पडलेल्या कणांना रोखून धरते आणि फिल्मवर येणारा धूसरपणा कमी करते. सौम्य डेव्हलपरांत ते बहुधा घालावेच लागत नाही.

यातली एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. सौम्य अल्कलीत हायड्रोक्विनोन एकट्याने जवळजवळ निष्क्रिय असते, पण मेटॉल किंवा फेनिडोनच्या जोडीला आले की वापरल्या गेलेल्या जोडीदाराला ते पुन्हा कामाला लावते, आणि दोघांचे मिळून होणारे काम त्यांच्या वेगवेगळ्या कामांच्या बेरजेपेक्षा बरेच जास्त भरते. गेल्या शंभर वर्षांतले बहुतेक प्रसिद्ध डेव्हलपर या जोडीवर उभे आहेत.

आधी एक मापदंड

प्रयोगाला सुरुवात करण्यापूर्वी एकच फिल्म आणि एकच डेव्हलपर निवडून ती जोडी पक्की करावी. मापदंड म्हणून मी कोडॅकचा डी-७६ किंवा त्याच्या तोडीचा इल्फर्डचा आयडी-११ सुचवेन. डी-७६ हा १९२७ सालचा आहे आणि आजही इतर डेव्हलपरांची तुलना त्याच्याशीच केली जाते. त्याचे सूत्र उघड आहे: एका लिटरमध्ये मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. इल्फर्ड एचपी५ प्लस ही फिल्म ४०० आयएसओवर (आयएसओ म्हणजे फिल्मचा वेग, तिची प्रकाशसंवेदनशीलता) घेतली असेल, तर आयडी-११ पाणी न मिसळता २० अंश सेल्सिअसला साडेसात मिनिटे, समभाग पाणी मिसळून १३ मिनिटे आणि तिप्पट पाणी मिसळून २० मिनिटे, असे उत्पादकाचे वेळापत्रक आहे. हे आकडे सुरुवातीचे म्हणून घ्यावेत.

तापमानाबद्दल हयगय करू नये. २० अंशांना दहा मिनिटे लागणारे काम २४ अंशांना सातेक मिनिटांत होते, म्हणजे एका अंशाचा फरकसुद्धा निगेटिव्हवर दिसण्याइतका मोठा आहे. डेव्हलपरची बाटली, टँक आणि स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारे द्रावण) हे सर्व एका मोठ्या टबातल्या पाण्यात ठेवले तर तापमान सहज टिकते. हवा गरम असेल आणि २० अंश गाठणे अवघड असेल, तर २४ अंश हेच आपले कायमचे तापमान धरावे. आकडा कोणता याला महत्त्व कमी, तो दर वेळी तोच असणे महत्त्वाचे. मात्र एकूण वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ लागली तर डेव्हलपर अधिक पातळ करावा, कारण इतक्या कमी वेळात फिल्म सर्वत्र सारखी डेव्हलप होण्याची खात्री राहत नाही.

टँक हलवण्याची रीतही ठरलेली हवी. पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा उलटा-सुलटा करावा आणि नंतर प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत चार वेळा. प्रत्येक फेरीनंतर टँक ओट्यावर हलकेच आपटावा, म्हणजे फिल्मला चिकटलेले बुडबुडे सुटतात. स्टॉप बाथ म्हणून लिटरभर पाण्यात पंधरा ग्रॅम लिंबूसत्त्व पुरते. फिक्सरची, म्हणजे उरलेले सिल्व्हर हॅलाइड काढून टाकणाऱ्या द्रावणाची, वेळ ठरवण्यासाठी फिल्मच्या टोकाचा तुकडा उजेडातच फिक्सरमध्ये टाकून तो किती वेळात पारदर्शक होतो ते पाहावे आणि त्याच्या दुप्पट वेळ द्यावा. हे सगळे एकदा बसवले की पुन्हा त्याला हात लावू नये.

पहिला प्रयोग: नुसते पाणी

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शिकवणारा प्रयोग हातातल्याच डेव्हलपरवर होतो. तोच डी-७६ एकदा जसाच्या तसा, एकदा समभाग पाण्यात आणि एकदा तिप्पट पाण्यात वापरून पाहावा. पाणी वाढले की सल्फाइटचे प्रमाण उतरते, कणांच्या कडा विरघळणे थांबते, म्हणून कण अधिक स्पष्ट दिसतात आणि धार वाढते. शिवाय पातळ द्रावणात उजळ भागांतला डेव्हलपर लवकर थकतो, तर सावलीच्या भागातला काम करत राहतो. त्यामुळे उजळ भाग आपोआप आवरले जातात. म्हणजे एकाच बाटलीतून तीन वेगळ्या स्वभावांचे डेव्हलपर मिळतात.

इथे एक अट पाळावी लागते. रोलला लागणारे मूळ द्रव्य पुरेसे असले पाहिजे, मग वर पाणी कितीही असो. डी-७६ च्या बाबतीत प्रत्येक पूर्ण रोलमागे सुमारे २५० मिलिलिटर मूळ द्रावण धरावे. समभाग मिश्रणाला त्यामुळे ५०० मिलिलिटरचा टँक लागतो. लहान टँकमध्ये अति पातळ मिश्रण घालून निगेटिव्ह फिकट आली, तर तो डेव्हलपरचा दोष समजू नये.

तुलना कशी करावी

तुलनेसाठी दर वेळी वेगळा रोल, वेगळे दृश्य आणि वेगळा उजेड वापरला तर हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी एका रोलवर चार चौकटींची एक मालिका पुनःपुन्हा घ्यावी. पहिली चौकट सारख्या उजेडातल्या साध्या भिंतीची, फोकस अनंतावर ठेवून, मीटरने दाखवलेल्यापेक्षा चार स्टॉप कमी प्रकाशाची (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). दुसरी त्याच भिंतीची, तीन स्टॉप जास्त प्रकाशाची. तिसरी एखाद्या मांडलेल्या दृश्याची, ज्यात गडद कापड, पांढरे कापड आणि बारीक विणीची एखादी वस्तू असेल. चौथी लेन्सवर टोपी ठेवून घेतलेली कोरी. छत्तीस चौकटींच्या रोलवर ही मालिका नऊ वेळा बसते.

मग चेंजिंग बॅगमध्ये (हात घालून काम करायच्या, प्रकाश न शिरणाऱ्या पिशवीत) रोलचे अंदाजे तीस-तीस सेंटिमीटरचे तुकडे कापावेत. ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चौकटीला अडतीस मिलिमीटर लागतात, त्यामुळे तीस सेंटिमीटरमध्ये जवळजवळ आठ चौकटी येतात, आणि कात्री अंधारात कुठेही पडली तरी प्रत्येक तुकड्यात चारही प्रकारची किमान एकेक चौकट अखंड सापडते. मापासाठी तीस सेंटिमीटरची पुठ्ठ्याची पट्टी आधीच कापून बॅगेत ठेवावी. एक तुकडा रीळावर चढवावा, बाकीचे प्रकाश न शिरणाऱ्या डब्यात बंद करावेत. तुकडा लहान असला तरी द्रावणाने रीळ पूर्ण बुडालेच पाहिजे. आणि हेही ध्यानात असावे की लहान तुकडा पूर्ण रोलपेक्षा डेव्हलपरला कमी थकवतो, म्हणून अतिशय पातळ मिश्रणांत पूर्ण रोलचा कॉन्ट्रास्ट तुकड्यापेक्षा थोडा कमी भरतो.

निगेटिव्ह वाळल्यावर मोजमाप करायचे. त्यासाठी डेन्सिटोमीटर, म्हणजे निगेटिव्हची घनता (काळेपणा) मोजणारे यंत्र, हवाच असे नाही. सारखा उजेड देणाऱ्या पॅनेलवर निगेटिव्ह ठेवावी, भोवतीचा उजेड काळ्या कागदाने झाकावा आणि लेन्सचे छिद्र (अॅपर्चर) न बदलता डिजिटल कॅमेऱ्याच्या मीटरने प्रत्येक चौकटीचा शटरवेग पाहावा. एका स्टॉपचा फरक म्हणजे ०.३ घनता. समजा कोऱ्या चौकटीला १/१००० सेकंद आणि तीन स्टॉप जास्त प्रकाशाच्या चौकटीला १/६० सेकंद लागला, तर फरक चार स्टॉपचा, म्हणजे घनता सुमारे १.२, घरच्या प्रिंटसाठी आणि स्कॅनसाठी हे लक्ष्य चांगले आहे. फरक तीनच स्टॉपचा आला तर वेळ पंधरा-वीस टक्क्यांनी वाढवून पुढचा तुकडा धुवावा, पाच स्टॉपचा आला तर तेवढाच कमी करावा. हा फरक दोन्ही डेव्हलपरांत सारखा झाला, की त्यानंतर कण, धार आणि छटा यांची तुलना अर्थपूर्ण ठरते.

स्कॅन करून तुलना करायची असेल तर स्कॅनरची आपोआप होणारी सुधारणा, धार वाढवणे आणि कण कमी करणे हे सर्व बंद ठेवावे. नाहीतर जो फरक शोधायचा तोच सॉफ्टवेअर पुसून टाकते. माझा अधिक विश्वास भिंगावर आहे: पॅनेलवर निगेटिव्ह ठेवून दहापट भिंगातून काळ्या आणि पांढऱ्या कापडाची कड पाहिली, तर धारेतला फरक तिथेच कळतो.

स्वतः बनवलेला पहिला डेव्हलपर: डी-२३

स्वतः द्रव्ये मोजून डेव्हलपर बनवायचा असेल तर डी-२३ हून सोपी सुरुवात नाही. कोडॅकच्या संशोधकांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या या सूत्रात दोनच द्रव्ये आहेत: एका लिटरमध्ये मेटॉल साडेसात ग्रॅम आणि निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम. सल्फाइट स्वतःच किंचित अल्कधर्मी असल्याने वेगळी अल्कली लागत नाही. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरतो.

साधारण ५० अंश तापमानाचे ७५० मिलिलिटर पाणी घ्यावे आणि त्यात आधी मोजलेल्या सल्फाइटमधली फक्त चिमूटभर पूड टाकावी. ही चिमूट पाण्यातला ऑक्सिजन शोषून घेते. नंतर मेटॉल घालून ते पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. तळाशी एकही कण दिसता कामा नये. मग उरलेले सल्फाइट थोडे थोडे करून सोडावे. हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल नीट विरघळत नाही आणि पांढऱ्या कणांच्या रूपात तरंगत राहते. सल्फाइट एकदम ओतले तर तळाशी त्याचा दगडासारखा थर बसतो आणि तो सुटायला फार वेळ लागतो. सर्व विरघळल्यावर पाणी घालून एक लिटर करावे, निवू द्यावे आणि काठोकाठ भरलेल्या बाटलीत ठेवावे. शक्यतो ऊर्ध्वपातित पाणी वापरावे.

पुडीवर द्रव्य निर्जल आहे की स्फटिकरूप, हे वाचल्याशिवाय मोजायला घेऊ नये. स्फटिकरूप सल्फाइटच्या वजनात निम्मे पाणीच असते, त्यामुळे ते दुप्पट घ्यावे लागते. सोडियम कार्बोनेटच्या बाबतीत हा फरक आणखी मोठा आहे: १०६ ग्रॅम निर्जल पूड म्हणजे १२४ ग्रॅम एकजलीय आणि २८६ ग्रॅम दशजलीय स्फटिक. सूत्र बरोबर असूनही डेव्हलपर फसतो त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

हातमोजे घालावेत. मेटॉलने काही जणांच्या त्वचेला पुरळ उठते आणि एकदा त्याची प्रतिक्रिया सुरू झाली की ती पुढे थोड्याशा स्पर्शानेही होते. पूड मोजताना पंखा बंद ठेवावा, तोंडावर मास्क असावा. मोजपात्रे, चमचे, बाटल्या या कामासाठीच वेगळ्या ठेवाव्यात, स्वयंपाकघरातले भांडे एकदा इकडे आणले की परत नेऊ नये, आणि प्रत्येक बाटलीवर नाव व तारीख लिहावी.

डी-२३ ला डी-७६ पेक्षा थोडा जास्त वेळ धरून सुरुवात करावी आणि वर सांगितलेल्या तुकड्यांच्या पद्धतीने नेमका वेळ शोधावा. हायड्रोक्विनोन नसल्यामुळे त्याचे काम सौम्य असते आणि पांढऱ्या कापडातल्या वळ्या, ढगांच्या कडा अशा उजळ जागा सहसा बुजत नाहीत. कडक उन्हात घेतलेल्या फिल्मसाठी मला तो डी-७६ पेक्षा अधिक आवडतो.

याच द्रव्यांपासून दोन टप्प्यांचा डेव्हलपरही होतो. पहिल्या द्रावणात मेटॉल ५ ग्रॅम आणि सल्फाइट १०० ग्रॅम, दुसऱ्यात फक्त बोरॅक्स १० ग्रॅम, दोन्ही एका लिटरला. फिल्म पहिल्या द्रावणात चारेक मिनिटे नेहमीसारखी हलवत ठेवावी, ते द्रावण परत बाटलीत ओतावे आणि मध्ये पाण्याने न धुता दुसरे द्रावण तीन-चार मिनिटांसाठी घालावे. फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थरात शोषलेला डेव्हलपर बोरॅक्समध्ये जागा होतो. उजळ भागांत तो चटकन संपतो, सावलीत मात्र पुरून उरतो. आजच्या फिल्मचे थर पातळ असल्याने बरेचसे काम पहिल्या द्रावणातच होते, म्हणून त्याच्या वेळेकडे दुर्लक्ष करू नये.

रोडिनल आणि न हलवता डेव्हलप करणे

रोडिनलचे पेटंट १८९१ सालचे आहे आणि पॅरा-अमिनोफिनॉलवर आधारलेला हा दाट द्रव आजही वेगवेगळ्या नावांनी बनतो. बाटली उघडल्यावर तो गडद तपकिरी होतो तरी वर्षानुवर्षे काम देतो, त्यामुळे क्वचित रोल धुणाऱ्याला तो फार सोयीचा आहे. एकास पंचवीस किंवा एकास पन्नास या प्रमाणात तो ऐनवेळी पाण्यात मिसळून एकदाच वापरायचा असतो. त्यात कणांच्या कडा विरघळण्याइतके सल्फाइट उरत नाही, म्हणून धार उत्तम मिळते आणि कण लपत नाहीत. ५० किंवा १०० आयएसओच्या फिल्मवर हा गुण ठरतो. ४०० आयएसओच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर कण ठळक येणार, हे स्वीकारूनच तो वापरावा.

५०० मिलिलिटर पाण्यात ५ मिलिलिटर रोडिनल घालून, पहिले मिनिट हलवून, नंतर तासभर टँक स्थिर ठेवण्याची रीत बरीच लोकप्रिय आहे. स्थिर द्रावणात गडद आणि उजळ भागांच्या सीमेवर ताजा आणि थकलेला डेव्हलपर शेजारी-शेजारी येतात आणि कड अधिक उठून दिसते. पण त्याच स्थिरतेमुळे डेव्हलप होताना सुटलेले ब्रोमाइड खाली ओघळते आणि सपाट आकाशात पट्टे उमटू शकतात; ३५ मिलिमीटर फिल्मवर हे पट्टे फिल्मच्या कडेच्या छिद्रांच्या रांगेत हटकून दिसतात. अर्ध्या तासाने टँक दोनदा हलकेच उलटा-सुलटा केला तर धोका बराच घटतो. वेळ-तापमान न पाहता कोणत्याही फिल्मला ही रीत चालते, असे मानणे मला पटत नाही. महत्त्वाच्या रोलसाठी ती वापरण्यापूर्वी मोकळे आकाश असलेला एखादा चाचणीचा तुकडा धुऊन पाहावाच.

क जीवनसत्त्व आणि कॉफी

कोडॅकने १९९६ साली आणलेला एक्सटॉल क जीवनसत्त्वाच्या जवळच्या संयुगावर आधारलेला आहे आणि सावलीतला तपशील, बारीक कण व धार यांचा त्याच्याइतका चांगला मेळ फार थोड्या डेव्हलपरांत आढळतो. या कुळातल्या डेव्हलपरांचा दोष असा की पाण्यात लोह किंवा तांबे असेल तर ते झपाट्याने निकामी होतात, आणि रंग न बदलता निकामी होतात. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी वापरावे आणि प्रत्येक वेळी फिल्मचे टोक उजेडात डेव्हलपरमध्ये बुडवून पाहावे. काही मिनिटांत ते काळेभोर झाले नाही, तर ते द्रावण फेकून द्यावे. ही चाचणी कोणत्याही जुन्या बाटलीला लागू आहे.

इन्स्टंट कॉफीचा डेव्हलपर १९९५ साली रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या वर्गात पुढे आला. आज रुळलेल्या सूत्रात एका लिटरला निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्व १६ ग्रॅम आणि इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम असते, आणि वेळ २० अंशांना सुमारे १५ मिनिटे. खाण्याचा सोडा इथे चालत नाही, त्याची अल्कता पुरत नाही. आधी सोडा पूर्ण विरघळवावा, मग क जीवनसत्त्व घालावे, फेस येतो, तो शमू द्यावा, शेवटी कॉफी. द्रावण अर्ध्या तासाच्या आत वापरावे. फिल्मवर हलका तपकिरी डाग राहतो आणि ४०० आयएसओच्या फिल्मवर धूसरपणा वाढू शकतो. लिटरला एक ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड घातल्यास तो आटोक्यात येतो.

पायरोगॅलॉलचे डेव्हलपर मात्र सर्वांत शेवटी हाती घ्यावेत. त्यांनी फिल्मवर येणारा पिवळट-हिरवट डाग छपाईत घनतेसारखाच काम करतो आणि उजळ भागांना सुंदर उतार देतो, पण पायरोगॅलॉल विषारी आहे आणि त्वचेतून शोषले जाते. पूड मोजण्याऐवजी तयार द्रावण घ्यावे, आणि हातमोज्यांशिवाय त्याच्या बाटलीला हात लावू नये.

निवड झाल्यावर फिल्मचा वेग

एखादा डेव्हलपर मनात भरला आणि त्याची वेळ सापडली की एक काम उरते: त्या डेव्हलपरमध्ये फिल्मचा खरा वेग किती ते पाहणे. चार स्टॉप कमी प्रकाशाची चौकट इथे उपयोगी पडते. तिची घनता कोऱ्या चौकटीपेक्षा ०.१, म्हणजे एक तृतीयांश स्टॉप जास्त असावी. कॅमेऱ्यावर कोऱ्या चौकटीला १/१००० दिसत असेल तर हिला १/८०० दिसायला हवे. दोन्ही चौकटी सारख्याच दिसल्या, तर सावलीला पुरेसा प्रकाश मिळालेला नाही. ४०० आयएसओची फिल्म ३२० वर, मग २५० वर, मग २०० वर लावून हीच चौकट पुन्हा घ्यावी आणि जिथे फरक दिसू लागेल तो वेग त्या जोडीचा धरावा. रोडिनलमध्ये हा वेग बहुधा छापील वेगापेक्षा कमी येतो, एक्सटॉलमध्ये जवळपास तेवढाच राहतो. डेव्हलप करण्याचा वेळ वाढवून ही उणीव भरून निघत नाही, कारण त्याने उजळ भाग दाट होतात आणि सावली जवळजवळ तिथेच राहते. वेगाचा आकडा, डेव्हलपरचे प्रमाण, तापमान, वेळ आणि हलवण्याची रीत या पाच गोष्टी निगेटिव्हच्या पाकिटावरच लिहून ठेवाव्यात; यांपैकी एकही बदलली तर ही चाचणी पुन्हा घ्यावी लागते.